कॅज्युअल्टीच्या दारातली ड्युटी : हॉस्पिटल चौकीवर नव्याने आलेल्या अंमलदारांसाठी

हॉस्पिटल चौकीची ड्युटी लागली की ठाण्यातले जुने लोक म्हणतात, "जा, जरा आराम कर." टेबल, पंखा, एमएलसीचं (पोलिसांना कळवाव्या लागणाऱ्या पेशंटांच्या नोंदीचं) रजिस्टर आणि दर तासाला चहा. रात्री अकरापर्यंत ते खरंही असतं. मग कॅज्युअल्टीतून, म्हणजे तातडीच्या उपचारांच्या विभागातून, मामा धावत येतो : "साहेब, लवकर चला, एक जण सिस्टरच्या अंगावर जातोय." पालिकेच्या हॉस्पिटलात वॉर्डबॉयला मामा आणि आयाबाईंना मावशी म्हणतात, तुम्हीही तसंच म्हणा, निम्मी ओळख तिथेच होते.

मामा धावत आल्यानंतरची दहा-पंधरा मिनिटं कशी हाताळायची, ते इथे लिहितोय. नोकरीतली शेवटची नऊ वर्षं मी अशा चौक्यांवर काढली आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. ट्रेनिंगमध्ये कायदा शिकवतात, जमाव पांगवायला शिकवतात. पण समोरचा दारूडा एकाच वेळी त्रास देणारा आणि मरायला टेकलेला असू शकतो, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. ते मी चुकून शिकलो. ती चूक पुढे सांगतो.

काही घडायच्या आधी

पहिल्या दिवशी खुर्चीत बसू नका. कॅज्युअल्टी एकदा पायी फिरा. आत यायची दारं किती, त्यातलं रात्री उघडं कोणतं, ऑक्सिजनचे सिलिंडर कुठे उभे असतात, ड्रेसिंग टेबलावर कात्र्या कुठे ठेवतात ते बघा. गोंधळात माणूस हाताला येईल ते उचलतो, आणि कॅज्युअल्टीत हाताला सलाइनचा स्टँड, किडनी ट्रे, कात्री असंच काही येतं. स्टँडला चाकं असतात आणि वर लोखंडी आकडे. तो फिरवला तर दोन माणसांची डोकी फुटतात.

मग तीन माणसांना भेटा : रात्रपाळीचे सीएमओ (कॅज्युअल्टीचे मुख्य डॉक्टर), इन्चार्ज सिस्टर आणि सुरक्षा रक्षकांचे सुपरवायझर. तुमचा मोबाइल नंबर सिस्टरच्या टेबलावरच्या काचेखाली लिहून ठेवा. त्यांना सांगा, मामाला धाडण्याआधी फोन करा, आणि मार बसायची वाट बघू नका. आवाज चढला की लगेच करा. बऱ्याच सिस्टर आणि रेसिडेंट डॉक्टर शिवीगाळ मुकाट ऐकून घेतात. त्यांना वाटतं एवढ्याशा गोष्टीला पोलीस कशाला. त्यांना तुम्हीच सांगायला हवं की एवढ्याशा गोष्टीलाच पोलीस स्वस्त पडतात.

मार्च २०१७ मध्ये धुळ्यात आणि पाठोपाठ सायनला डॉक्टरांना मारहाण झाली. राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत पोचलं. रक्षक वाढले, नातेवाइकांना पास लागू झाले, ते त्यानंतर. पासचा नियम तुमचा नाही, हॉस्पिटलचा आहे. पण तो ढिला पडला की रात्री दोन वाजता एका पेशंटमागे चौदा जण आत असतात आणि ते आवरायचं काम तुमच्याकडे येतं. म्हणून रात्री दहाला एकदा दारावर जाऊन रक्षकांबरोबर पाच मिनिटं उभे राहा. वर्दी दिसली की पास निघतात.

कॅलेंडरही बघून ठेवा. गटारी, दहीहंडी, विसर्जन, थर्टी फर्स्ट, होळी, धुळवड. दहीहंडीला एक गोविंदा पडला तर अख्खं पथक टेम्पोतून येतं, सगळे भिजलेले, काही प्यायलेले, आणि सगळ्यांनाच आत यायचं असतं. अशा दिवशी ठाण्याकडून जादा माणसं सकाळीच मागा. रात्री मागून कोणी मोकळं नसतं.

फोन आला की

चालता चालता दोनच गोष्टी विचारा : त्रास देणारा पेशंट आहे की नातेवाईक? हातात काही आहे का? उत्तर काहीही असो, आत शिरण्याआधी ठाण्याला कळवा, मोबाइल व्हॅन मागवा. हे कमीपणाचं नाही. तुम्ही एकटे आहात आणि समोर सहा जण आहेत, तर पहिलं काम वेळ काढण्याचं. सहा जणांना धरायला पुढची व्हॅन येते.

आत गेल्यावर धावत त्या माणसाच्या अंगावर जाऊ नका. आधी सिस्टरला आणि डॉक्टरांना त्याच्या हाताच्या टप्प्यातून बाजूला घ्या. शेजारच्या बेडवरचे पेशंट आणि मुलं घेऊन बसलेल्या बायका यांना मावशींच्या मदतीने दुसरीकडे हलवा. बघे कमी झाले की निम्मा आवाज कमी होतो. बरेच जण बघ्यांसाठीच ओरडत असतात. मग दोन हात अंतरावर, थोडं तिरकं उभे राहा, दार त्याच्या पाठीशी मोकळं ठेवा. कोपऱ्यात कोंडलेला माणूस मारतोच. लाठी असेल तर ती खाली, मांडीला लागून.

नाव विचारा. "ए, काय चाललंय?" ऐवजी "दादा, नाव काय तुमचं? कोणाला घेऊन आलात?" विचारून बघा. फरक पडतो. एका वेळी एकानेच बोलायचं, तेही तुम्ही. रक्षक, मामा, डॉक्टर सगळे एकदम बोलायला लागले की त्याला कोणाचंच ऐकू येत नाही. वाक्य छोटं ठेवा, तेच पुन्हा म्हणा. प्यायलेल्या माणसाला समजायला वेळ लागतो, त्याला हट्ट समजू नका. पाणी द्यायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. शुद्ध नीट नसलेल्याला पाणी पाजलं तर ते श्वासनळीत जातं.

दारू की आजार

तोंडाला वास आला म्हणजे दारूचंच आहे, असं ठरवायचा अधिकार तुम्हाला नाही. तो डॉक्टरचा.

माझी चूक अशी. एका मोठ्या हॉस्पिटलच्या चौकीवर होतो. गस्तीवरच्या बीट मार्शलनी फुटपाथवरून चाळिशीचा एक माणूस आणून सोडला. देशीचा भपकारा, शर्टावर उलटी, बडबड, मध्येच शिवी. कॅज्युअल्टीत गर्दी होती, डॉक्टर एका ॲक्सिडेंटमध्ये अडकलेले. मी म्हटलं, बसू दे बाकावर, उतरली की जाईल. तासाभरात तो शांत झाला. मला बरं वाटलं. एक सिस्टर चहाला जाताना थांबली, खाली वाकली, मोबाइलचा टॉर्च त्याच्या डोळ्यात मारला आणि म्हणाली, "हवालदार, हा झोपलेला नाहीये." एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी होती. डोक्यात रक्तस्राव होता. कुठेतरी पडला असणार. केसांत बोट घातल्यावर टेंगूळ लागलं, जे मी बघितलंच नव्हतं. त्याला रातोरात ऑपरेशनला नेलं. तो वाचला, पण उजवा हात गेला तो गेलाच. त्याची बायको दोन महिने चौकीसमोरून डबा घेऊन जायची आणि रोज मला नमस्कार करायची, कारण तिला कोणीतरी सांगितलं होतं की पोलिसांनी हॉस्पिटलात ठेवून घेतला म्हणून वाचला. मी तिला खरं सांगू शकलो नाही. तुमच्यावर तो नमस्कार घ्यायची वेळ येऊ नये, म्हणून एवढं लांबण लावलं.

तेव्हा आधी डॉक्टर, मग बाकी सगळं. डॉक्टर येईपर्यंत या गोष्टी बघा आणि दिसल्या तर ओरडून सांगा :

डोक्याला मार, कानातून-नाकातून रक्त, एकच बाहुली मोठी. बडबडणारा अचानक गप्प झाला, तर समाधान मानू नका, हलवून उठवा; उठत नसेल तर ती इमर्जन्सी आहे.

अंग घामाने थबथबलेलं, हात थरथरतायत, बोलणं असंबद्ध, पण वास नाही. साखर उतरलेला डायबेटिसवाला असाच वागतो, प्रसंगी मारतोही. बोटाला सुई टोचून मिनिटात कळतं. खिशात गोळ्यांची पाकिटं आहेत का ते बघा. फिट येऊन गेलेला माणूसही बराच वेळ भांबावलेला असतो आणि धरायला गेलं की झटापट करतो.

तिसऱ्या दिवसाचा पेशंट. हे नव्यांना सर्वांत जास्त चकवतं. पाय मोडून ॲडमिट झालेला, दोन दिवस शांत असलेला माणूस तिसऱ्या रात्री सलाइन उपटतो, भिंतीवर किडे दिसतात म्हणतो, खिडकीकडे धावतो. वॉर्डमधून निरोप येतो, "पेशंट पिऊन आलाय." तो प्यायलेला नसतो. रोजची दारू अचानक बंद झाल्यामुळे हे होतं, आणि औषध मिळालं नाही तर माणूस यात दगावतो. त्याला वॉर्डबाहेर काढायचं नाही, चौकीत आणायचं नाही. डॉक्टर इंजेक्शन देईपर्यंत हातपाय सांभाळून धरायचे, आणि खिडकीपाशी एक माणूस उभा करायचा.

आणि विषारी दारू. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं मेली. मिथेनॉल पोटात गेलेला माणूस आधी नुसता प्यायलेलाच दिसतो. त्रास काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी उठतो. पोटात कळा, उलट्या, जोरजोरात श्वास आणि "डोळ्यापुढे धुकं आलंय" ही तक्रार. दारूड्याने दिसत नाही म्हटलं की हसण्यावारी नेऊ नका. एकाच वस्तीतले दोन जण असे आले तर त्याच मिनिटाला सीएमओ आणि ठाण्याचे वरिष्ठ यांना कळवा. दारू कुठून घेतली ते त्याच्या तोंडून ऐकून लिहून घ्या, कारण तासाभराने तो सांगायच्या अवस्थेत नसेल आणि त्याच गुत्त्यावर आणखी पंचवीस जण पीत असतील.

मानसिक आजाराचा माणूस रस्त्यावर भटकताना मिळाला आणि तुम्ही त्याला ताब्यात घेतलं, तर मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ चं कलम १०० लागू होतं. त्याला लवकरात लवकर, उशिरात उशिरा २४ तासांत, जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं. लॉकअपमध्ये कोणत्याही परिस्थितीत ठेवायचं नाही.

धरावंच लागलं तर

बोलून जमलं नाही आणि तो कोणाला इजा करणार, अशी वेळ येते. तेव्हा एकट्याने धरू नका. चार-पाच जण असावेत, प्रत्येकाला एक हात किंवा एक पाय वाटून दिलेला, आणि एक जण फक्त डोक्यापाशी, त्याच्याशी बोलत, श्वास बघत. पालथा पाडून पाठीवर गुडघा देणं ही सवय कायमची सोडा. प्यायलेला, दमलेला, जाड अंगाचा माणूस हात मागे बांधून पालथा पडला तर त्याचा श्वास कोंडतो आणि बाहेरून तो फक्त "शांत झाला" असं दिसतं. ताब्यात आला की लगेच कुशीवर वळवा. उलटी झाली तरी तोंडाबाहेर जाते. व्हॅनमध्ये नेतानाही कुशीवरच, आणि मागे एक जण सोबत. कानफटात मारणं वगैरे तर कधीच नाही. त्याने सिस्टरला शिवी दिली असेल, तुमचं रक्त उसळेल, मला माहीत आहे. पण त्या एका थपडेने सिस्टरची केस कोर्टात कमकुवत होते.

नातेवाईक

सगळ्यात अवघड हेच. कारण ते गुन्हेगार नसतात. दुपारी धडधाकट घराबाहेर पडलेला मुलगा लोकलमधून पडला, लोहमार्ग पोलिसांच्या हमालांनी स्ट्रेचरवरून आणला, आणि आता डॉक्टर सांगणार की आणला तेव्हाच गेलेला होता. त्या क्षणी बाप काय करेल ते त्यालाही माहीत नसतं.

डॉक्टरांशी आधीच ठरवून ठेवा : वाईट बातमी सांगण्यापूर्वी चौकीला इशारा. बातमी डॉक्टरनेच सांगायची, पोलिसाने कधीच नाही. सांगताना तुम्ही डॉक्टरच्या खांद्याला खांदा लावून उभे राहू नका. तसं केलं की लोकांना वाटतं यांनी काहीतरी लपवलंय, म्हणून पोलीस आणलेत. चार-पाच पावलं दूर, दाराजवळ, दिसेल असं उभं राहायचं. सगळ्या जमावाला एकदम सांगायचं नाही. घरातले दोघे-तिघे आत, बाकीचे बाहेर.

बाहेरच्या गर्दीत ज्याचं लोक ऐकतात असा माणूस नेहमी असतो. चाळीतले काका, मंडळाचा कार्यकर्ता, शांत उभी असलेली एखादी बाई. जो सगळ्यांत जास्त ओरडतो तो हा नव्हे. ज्याचं ऐकतात त्याला बाजूला घ्या : "काका, तुम्ही सांभाळा, वहिनींना बसवा, कागदपत्रांचं मी बघतो." आणि खरंच बघा. अपघाती किंवा संशयास्पद मृत्यूत पंचनामा आणि पोस्टमॉर्टेम कायद्याने लागतात, ते का आणि किती वेळ, हे साध्या भाषेत एकदाच नीट सांगा. मी पाहिलेल्या भांडणांपैकी निम्मी मृत्यूवरून नव्हती. बॉडी कधी मिळणार हे कोणी सांगत नव्हतं, त्यावरून होती. अडीच तास कोणी काही बोललं नाही की माणूस काच फोडतो. दर अर्ध्या तासाने जाऊन "अजून एवढं बाकी आहे" म्हटलं तरी काच वाचते.

एखाद्याने तोडफोड केलीच तर त्याला धरा. पण त्याच वेळी त्याच्या आईला बॉडीजवळ थांबू द्या. दोन्ही एकाच वेळी करता येतं.

गुन्हा कोणता

नुसता पिऊन आरडाओरडा करणारा असेल तर हत्यारं छोटी आहेत : मुंबईत ज्याला आपण ११०-११७ म्हणतो ते महाराष्ट्र पोलीस अधिनियमातलं, दारूबंदी अधिनियमाचं कलम ८५, किंवा भारतीय न्याय संहितेचं ३५५, ज्यात २४ तासांपर्यंत साधी कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा एवढीच शिक्षा आहे.

डॉक्टर किंवा नर्सवर हात टाकला, धमकावलं, मशीन फोडलं तर वैद्यकीय सेवा व्यक्ती व संस्थांच्या संरक्षणासाठी राज्याने केलेला २०१० चा अधिनियम. नवे अंमलदार हा लावायला विसरतात. यात ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. शिवाय फोडलेल्या उपकरणाच्या खरेदी किमतीच्या दुप्पट भरपाई. खासगी नर्सिंग होमलाही तो लागू आहे. सरकारी किंवा पालिकेच्या कर्मचाऱ्याला कामापासून रोखण्यासाठी हल्ला केला तर न्याय संहितेचं १३२, दुखापत केली तर १२१ (जुने लोक अजून ३५३ आणि ३३२ म्हणतील, १ जुलै २०२४ पासून ते बदललेत). सिस्टरशी अश्लील बोलणं, हात लावणं असेल तर ७९, ७४ वेगळं. ते "दारूत होता" म्हणून गाळू नका.

अजामीनपात्र म्हणजे अटक केलीच पाहिजे, असं मात्र नाही. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक का हवी याची कारणं लिहावी लागतात, नाहीतर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ ची नोटीस. हा निर्णय अधिकाऱ्यांचा. तुमचं काम त्यांना पूर्ण चित्र देण्याचं. आरोपी बाई असेल तर महिला अंमलदार येईपर्यंत हात लावू नका, आणि सूर्यास्तानंतरच्या अटकेचे निर्बंध लक्षात ठेवा.

फिर्याद कोणी द्यायची यावर रात्री घोळ होतो. मार खाल्लेला रेसिडेंट २६ तास जागा असतो, त्याला कोर्टाच्या फेऱ्या नकोत. त्याच्यावर ढकलू नका. संस्थेने फिर्याद द्यावी, असं सीएमओंना सांगा. हल्ल्यानंतर ६ तासांच्या आत संस्थेमार्फत गुन्हा नोंदवण्याची जबाबदारी संस्थाप्रमुखाची, असा आदेश केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये काढलेला आहे. सीसीटीव्हीचं फुटेज त्याच रात्री मागा, पत्र देऊन पोच घ्या.

दारूची मेडिकल

दारूबंदी अधिनियमाच्या १२९-अ खाली तपासणी आणि रक्त घेता येतं. तीन गोष्टी सांभाळा. उपचार आधी, रक्त मग. सुई टोचायच्या जागी स्पिरिटचा बोळा फिरवू देऊ नका. बचावाचा वकील पहिला प्रश्न तोच विचारतो. आणि बाटलीला सील, लेबल, वेळ, डॉक्टरची सही तुमच्या डोळ्यांसमोर. ती कालिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत पोचेपर्यंत कोणाच्या हातात होती याची साखळी तुटता कामा नये. डॉक्टर "वास येतो, चालताना तोल जातो, बोलणं अडखळतं" असं जे लिहितील ते पूर्ण वाचून घ्या. घाईत नुसता "दारूचा वास" एवढाच शेरा पडतो आणि तेवढ्यावर कोर्टात काही टिकत नाही.

ठाण्याच्या डायरीत वेळा लिहा. फोन कधी आला, आत कधी गेलो, डॉक्टरांनी कधी तपासलं, काय सांगितलं, पेशंटच्या नोंदीचा ईपीआर नंबर काय, अंगावर कोणत्या जखमा आधीच होत्या. डॉक्टरांनी लेखी "नेण्यास हरकत नाही" दिल्याशिवाय कोणालाही लॉकअपला नेऊ नका. नेल्यावरही दर अर्ध्या तासाने उठवून नाव विचारा.

सकाळी

बहुतेक जणांवर गुन्हा नसतोच. सहाच्या सुमारास ऑब्झर्वेशनच्या कॉटवर तो उठून बसतो, पायाने चपला चाचपतो. एकच सापडते. रात्रीचं त्याला फारसं आठवत नाही. डॉक्टरांनी सोडायला हरकत नाही म्हटलं की त्याचे पैसे आणि मोबाइल, जे तुम्ही रात्री दोन साक्षीदारांसमोर मोजून पाकिटात घातलेत, ते सही घेऊन परत करा. एकट्याला सोडू नका. घरी फोन लावा आणि कोणी येईपर्यंत चौकीच्या बाकावर बसवा. हॉस्पिटलात व्यसनमुक्तीची ओपीडी असेल तर तिचा वार आणि वेळ एका चिठ्ठीवर लिहून ती घ्यायला आलेल्या माणसाच्या हातात द्या. पेशंटच्या खिशात घातलेली चिठ्ठी धुण्यात जाते. सिस्टरला शिवी दिली होती हेही त्याला सांगा. ती ड्युटी संपवून निघायच्या आधी आत जाऊन माफी मागायची असेल, तर त्याच्या सोबत दारापर्यंत जा.